तिसऱ्या पुलापलीकडचं गाणं

"दहा मिनिटांचं काम आहे," असं वीजसाहेब सोमवारी फोनवर लेकीला म्हणाले आणि सगळं तिथेच फिसकटलं.

वीजसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते आयुष्यभर वीज खात्यात होते, पण बिलांच्या खिडकीत. प्रत्यक्ष विजेशी त्यांचा संबंध एकदाच आला, घरातला दिवा बदलताना, आणि तेव्हाही ते पडले ते विजेमुळे नव्हे, स्टुलामुळे. पण इमारतीला एवढं बारीक कोण सांगणार? कुणाचा पंखा फिरेनासा झाला की माणूस वीजसाहेबांच्या दारात हजर. तेही जायचे, हात पाठीमागे बांधून पंख्याकडे बघायचे, "लोड आलाय," म्हणायचे आणि चहा पिऊन परत यायचे. मग लोक निश्चिंत मनाने वायरमनला बोलवायचे. ह्या व्यवस्थेत सगळेच सुखी होते.

लेक दूरच्या शहरात होती. तिला सातवा महिना चालू होता आणि डॉक्टरीणबाईंनी अंथरुणातून उठायला बंदी केली होती. रक्तदाब चढत होता, झोप लागत नव्हती. झोप झाली नाही तर सरळ दवाखान्यात आणून ठेवीन, असं बाईंनी बजावलं होतं, आणि शनिवारी पुन्हा तपासणी होती. गेल्या खेपेला जे झालं होतं त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, त्यामुळे ते सगळ्यांच्या डोक्यात सारखं असे. लेकीचा फोन वाजला की वीजसाहेब आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि मग फोन उचलायचे.

"बाबा, ते गेममधलं गाणं आठवतंय?" लेकीने विचारलं. "झोपडीतलं?"

आठवत होतं. ती लहानपणी काविळीने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा वीजसाहेबांनी ऑफिसातून येताना बाजारातून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला होता. एक निळ्या टोपीचा बुटका पळत सुटायचा, वाटेत तीन पूल लागायचे, आणि तिसऱ्या पुलापलीकडे एक झोपडी. बुटका आत जाऊन आडवा झाला की एक संथ गाणं सुरू व्हायचं आणि कुणी बटण दाबेपर्यंत वाजत राहायचं.

"ते इंटरनेटवर असेल की."

"आहे. पण ते बरोबर आहे, बाबा. आपली कॅसेट नकली होती ना? तिच्यात मधेच एक सूर घसरायचा आणि मग सावरायचा. मी तो घसरायची वाट बघता बघता झोपून जायचे. ह्यात तो घसरतच नाही. मी आपली टक्क जागी." ती हसली, पण ते हसणं वीजसाहेबांना काही बरं वाटलं नाही. "तुम्ही नुसता टीव्हीसमोर मोबाइल धरलात तरी चालेल. आणि हे बघा, झोपडीपर्यंत जायचं तर आईला..."

"आईला ह्यातलं काही सांगू नकोस. तिला घोर लागेल. आणि मोबाइल कशाला धरायचा? वायर लावून थेट लॅपटॉपमध्ये भरतो. दहा मिनिटांचं काम आहे."

लेक पुढे काही म्हणत होती, तोवर वीजसाहेबांनी फोन ठेवलासुद्धा. ही खिडकीतली सवय. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं तर रांग वाढते.

"माळा आवरायला काढतोय," त्यांनी बायकोला सांगितलं.

बायकोने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने माळ्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. "आवरा," ती म्हणाली आणि स्टूल धरायला येऊन उभी राहिली.

डबा सापडला. तो फुटक्या बादलीत, जुन्या पडद्यांच्या खाली होता, आणि बुटक्याची कॅसेट त्याच्या खाचेत तशीच बसलेली होती. वीजसाहेबांना इतका आनंद झाला की स्टुलावर आहोत हेही ते विसरले. बायको नसती तर इतिहासाची पुनरावृत्ती झाली असती. पण डब्याच्या वायरीला लाल, पांढरी, पिवळी अशी तीन टोकं होती, आणि भिंतीवरच्या नव्या सपाट टीव्हीला मागे तसली भोकंच नव्हती. ती भोकं होती जुन्या टीव्हीला. आणि जुना टीव्ही वीजसाहेबांनी मोठ्या मनाने इमारतीच्या वॉचमनला देऊन टाकला होता.

"साहेब, दिलेली वस्तू परत मागता?" वॉचमन आपल्या केबिनच्या दारात आडवा हात लावून उभा राहिला.

"परत नाही रे. दोन दिवस उसनी."

"संध्याकाळी माझी मालिका असते. सुनेला घराबाहेर काढणार आहेत."

बराच वेळ घासाघीस झाली. टीव्ही वर न्यायचा, पण वॉचमन टीव्हीबरोबर राहणार आणि सुनेच्या वेळेला टीव्ही आणि सून दोन्ही त्याच्या ताब्यात, असं ठरलं. टीव्ही जुन्या घडणीचा, मागे ढेरी असलेला. दोघांनी तो उचलून लिफ्टपर्यंत आणला, तर लिफ्टच्या दारात हेडमास्तर.

हेडमास्तर म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक आणि इमारतीचे सेक्रेटरी. "लिफ्टमधून अवजड सामान नेता येत नाही," ते म्हणाले.

"अहो, हा माझाच टीव्ही आहे."

"मालकीचा प्रश्न नाही. अवजड आहे की नाही?" त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "आणि ठराव तुम्हीच मांडला होतात. लिफ्टवर लोड येतो म्हणून."

हे खरं होतं. वीजसाहेबांच्या सार्वजनिक जीवनातला तो एकमेव मंजूर ठराव होता. आता तो मोडायचा तर स्वतःच्याच थोबाडीत मारल्यासारखं झालं असतं. टीव्ही जिन्याने चढला. पुढे वॉचमन, मागे वीजसाहेब आणि त्यांच्याही मागे हेडमास्तर, हात रिकामे पण तोंड चालू. "पायरी आहे," ते प्रत्येक पायरीला सांगत होते. कशासाठी चाललंय हे कळल्यावर तर त्यांना चेवच आला. "ध्वनिमुद्रण म्हणजे सगळा खेळ अर्थिंगचा. तुमचं अर्थिंग ठीक आहे ना? तुम्ही खात्यातले, तुम्हाला मी काय सांगणार."

वीजसाहेबांनी नुसता टीव्ही सावरला. एकतर त्यांना बोलायला श्वास नव्हता, आणि दुसरं म्हणजे अर्थिंग नेमकं कुठे असतं हे त्यांनी कधी कुणाला विचारायचं धाडस केलं नव्हतं.

मग वायर. टीव्हीत जाणारा आवाज लॅपटॉपमध्येही शिरला पाहिजे, एवढं त्यांना स्पष्ट होतं. ते कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने विचारलं, "काका, इनपुट हवंय की आउटपुट?"

"चांगल्यातलं द्या," वीजसाहेब म्हणाले.

ती वायर कुठेच बसेना. ते पुन्हा गेले. "काका, नक्की कशासाठी हवीय ते सांगा ना." मागे चारपाच माणसं उभी होती. पिकल्या केसांच्या माणसाने त्यांच्यादेखत व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारायचा म्हणजे काय. "खात्याचं काम आहे," ते म्हणाले. दुकानदाराने अदबीने प्रिंटरची वायर बांधून दिली.

गुरुवारी सकाळी जावयाचा फोन आला. लेकीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. "बाबा, ते गाणं झालं का? ती सारखी विचारतेय," जावई म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच वीजसाहेबांच्या जिवाला ते जास्त लागलं. होतच आलंय, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवून ते वळले. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कुणाचा होता?" "दुकानदाराचा," ते म्हणाले. "हो का," बायको म्हणाली आणि आत गेली.

ते तडक दुकानात गेले आणि दुकानदाराच्या कानाला लागून खालच्या आवाजात सगळं खरं सांगून टाकलं. दुकानदाराने ते पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि आत तोंड करून ओरडला, "अरे, काकांना व्हिडिओ गेमची गाणी भरायचीत, ती वायर काढ." रांगेतला प्रत्येक माणूस वळून बघायला लागला. वीजसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरात दंग झाले. पण वायर बरोबर मिळाली. अब्रू गेली आणि वायर आली, एवढाच हिशेब त्यांनी मनाशी मांडला.

शुक्रवारी सकाळी सरंजाम मांडला गेला. स्टुलावर टीव्ही, त्याच्यासमोर डबा, शेजारी लेकीने जाताना ठेवून दिलेला लॅपटॉप. वायर एका भोकात आपणहून गेली म्हणून तेच तिचं भोक असणार असं ठरलं. डबा सुरू झाला, पडदा निळा झाला आणि टोपीवाला बुटका त्याच जुन्या उत्साहाने पळत सुटला. वीजसाहेबांना भरून आलं. तेवढ्यात बुटका पहिल्या पुलावरून खाली पडला.

पुन्हा पळाला, पुन्हा पडला. तासाभरात त्याने पडायचे इतके प्रकार केले की वीजसाहेबांना त्याची दया यायला लागली. एकदा तर तो जागच्या जागीच गेला. कशाने गेला ते कुणालाच कळलं नाही. गाणं तिसऱ्या पुलापलीकडे होतं आणि पहिलाच पूल ओलांडवत नव्हता. "माझ्याकडे द्या साहेब," वॉचमन म्हणाला. तो दुसऱ्या पुलापर्यंत पोचला आणि तिथे त्याचा बुटका एका मोठ्या माशाच्या तोंडात गेला. हेडमास्तर आधी म्हणाले की हा आपल्या वयाला शोभणारा प्रकार नाही, आणि मग त्यांनी वॉचमनच्या हातून गेमचा रिमोट हिसकावून घेतला. त्यांनी बुटक्याला उलट दिशेने नेलं. तिकडे नुसती भिंत होती, पण हेडमास्तरांच्या मते रस्ता तिकडेच असायला हवा होता.

तेवढ्यात वॉचमनला आठवलं. "साहेब, खाली सूचना लावलीय. आज दुपारी लाइन दुरुस्तीसाठी वीज बंद."

सगळ्यांची तोंडं वीजसाहेबांकडे वळली. खातं त्यांचं होतं. आता नाही तर कधी? त्यांनी घसा साफ केला आणि आपल्याच जुन्या ऑफिसला फोन लावला.

"ग्राहक क्रमांक सांगा," पलीकडून आवाज आला.

"तसं नाही. मी तुमच्यातलाच. बिल विभागात होतो, तिसऱ्या खिडकीला..."

"बरं. ग्राहक क्रमांक?"

"अहो, ऐकून तर घ्या. माझी मुलगी आजारी आहे, तिला..."

पलीकडे फोन ठेवला गेला. वीजसाहेब आपला फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. मुलगी आजारी आहे, हे ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले होते, आणि बोलल्यावर ते जास्तच खरं झाल्यासारखं वाटत होतं. "साहेब मीटिंगमध्ये आहेत," त्यांनी खोलीला सांगितलं. मग ते मटकन खाली बसले. उद्या तपासणी, आज झोप नाही, आणि आपण पहिल्या पुलावर.

"सरका जरा," बायको म्हणाली.

ती पदराला हात पुसत बाहेर आली होती. तिने हेडमास्तरांपुढे हात केला, हेडमास्तरांनी मुकाट्याने रिमोट दिला, आणि ती दिवाणावर मांडी घालून बसली. बुटका पळत सुटला. पहिला पूल त्याने पळतच ओलांडला. दुसऱ्या पुलावर तो क्षणभर थांबला, माशाला वर येऊ दिलं आणि त्याच्याच डोक्यावर पाय देऊन पलीकडे गेला. वॉचमनने दोन्ही हात गालांना लावले. तिसरा पूल तर बुटक्याच्या पायाखाली ढासळत होता, आणि बायको कुणाला डाळ भिजत घालायला सांगावं तशा आवाजात म्हणाली, "लॅपटॉप चालू करून ठेवा, झोपडी येईल आता."

झोपडी आली. बुटका आत गेला आणि आडवा झाला. गाणं सुरू झालं.

"तुला येतं हे?" वीजसाहेबांनी विचारलं.

"मग कोण न्यायचं त्याला इथवर? पोरीच्या अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं. तुम्ही ऑफिसात."

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलणार? बाईमाणूस भर दुपारी गेम खेळत बसते म्हणून?" तिने त्यांच्याकडे पाहिलं. "तिला झोप येत नाही, हे मला सोमवारपासून माहीत आहे. तुमचा रक्तदाब वाढेल म्हणून बोलले नाही. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, करतील. शेवटी नाही राहवलं."

वीजसाहेबांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि मुद्रण सुरू केलं.

थोड्या वेळाने ते थांबवून त्यांनी ऐकून पाहिलं. गाणं होतं. बरोबर त्या ठिकाणी तो सूरही घसरला आणि सावरला. पण गाण्याच्या मागे आणखी काहीतरी होतं. थप. थप. थप.

"अर्थिंग," हेडमास्तर म्हणाले. इतके दिवस ह्याच क्षणाची वाट बघत असल्यासारखे ते उठले. त्यांनी फ्रिज बंद करायला लावला. वॉचमनला चपला घालून उभं केलं, का ते सांगितलं नाही. पंखा बंद झाला, भिंतीवरचं घड्याळ उशीखाली गेलं. वीजसाहेबांनी प्लग काढून उलटा लावला. आयुष्यात प्रथमच त्यांनी खात्याच्या कामाला प्रत्यक्ष हात घातला होता. पुन्हा मुद्रण केलं. बुटका झोपला, गाणं आलं आणि मागे तेच, थप, थप, उलट आणखी संथ. "वायर सैल असेल," वॉचमन म्हणाला. "भिंतीतूनच येतंय, भिंत फोडावी लागेल," हेडमास्तर म्हणाले. दुपार होत आली होती. वीज कधी जाईल ह्याचा नेम नव्हता आणि वीजसाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा त्यांनी वायर चिमटीत घट्ट धरून ठेवली होती. त्यांनी कंटाळून मान वर केली आणि त्यांना दिसलं. बायको पडद्यावरच्या झोपडीकडे बघत बसली होती. तिचं खोलीत लक्षच नव्हतं. तिचा डावा हात दिवाणावरच्या लोडाला थोपटत होता. हलके, सावकाश, गाण्याच्या मागोमाग. पोर आजारी होती तेव्हा तिथेच निजायची.

"अर्थिंगच..." हेडमास्तरांनी सुरुवात केली.

वीजसाहेबांनी त्यांचा दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे बघून हेडमास्तर थांबले. गाणं वाजत राहिलं, सूर घसरला, सावरला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, आणि हात थोपटत राहिला. मग टीव्ही एकदम काळा झाला. वीज गेली. गाणं मधेच तुटलं. पण बायकोच्या ते लक्षात यायला वेळ लागला आणि तिचा हात अंधाऱ्या पडद्यासमोर तसाच आणखी थोडा वेळ चालू राहिला.

"जसं आहे तसं पाठवा," मग ती म्हणाली. वीजसाहेबांनी मोबाइलच्या नेटवरून पाठवलं.

उत्तर आलं नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. वीजसाहेबांनी फोनचा आवाज मोठा आहे ना हे इतक्यांदा तपासलं की फोनच वैतागला असता. आपण थपथप असलेलं गाणं पाठवलं. आपण उशीर केला. आपण तिचं वाक्य पूर्ण होऊ दिलं असतं तर सोमवारीच काम झालं असतं. बायको समोर तांदूळ निवडत होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

शनिवारी दुपारी जावयाचा फोन आला. "बाबा, आत्ता तपासणीहून आलो. रक्तदाब उतरलाय. घरीच राहू दे म्हणाल्या डॉक्टर." मग तो हसला. "काल फाइल लावली आणि तो सूर दुसऱ्यांदा घसरायच्या आत ही गाढ झोपली. सकाळी उठवताना जिवावर आलं. म्हणून फोन नाही केला."

वीजसाहेबांनी बायकोकडे बघून मान हलवली. तिने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"बाबा, एक विचारू? ती वायर तुम्ही कुठे लावली होती?"

वीजसाहेबांनी अभिमानाने सांगितलं.

"ते हेडफोनचं भोक. म्हणजे वायर नुसतीच लटकत होती. लॅपटॉपने खोलीतलं ऐकलंय. मोबाइल धरल्यासारखंच झालं ते."

वीजसाहेबांना तो जिना, ते दुकान आणि ती रांग सगळं एकदम आठवलं. "मग असं करतो, नीट वायरमधून पुन्हा भरून..." ते म्हणाले, आणि स्वतःहूनच थांबले. जावई काहीतरी सांगत होता. त्यांनी त्याला सांगू दिलं.

"नको, बाबा. ती म्हणतेय, वायरमधून केलंत तर आईंचा हात येणार नाही. हेच हवंय. फक्त मोठं पाठवा, ह्यात मधेच वीज जाते."

रविवारी दुपार कलल्यावर टीव्ही पुन्हा जिन्याने वर आला. ह्या वेळी वॉचमनने अट घातली नाही. बायको दिवाणावर बसली, लोड जवळ ओढला आणि बुटका पुलाकडे निघाला. वायर गुंडाळून कपाटात गेली होती. आता वीजसाहेबांना एकच काम उरलं होतं: दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि कुणाला बेल वाजवू द्यायची नाही. त्यांनी ते अत्यंत गांभीर्याने घेतलं. दार जरासं किलकिलं ठेवून ते ताठ बसले.

चौकशीला हेडमास्तर वर आले तेव्हा आतून गाणं ऐकू येत होतं आणि त्याच्या मागे ती थपथप. अर्थिंगचं काय झालं, हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने मालिकेची वेळ झाली म्हणून वॉचमन धापा टाकत आला, तर हेडमास्तरांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

खुर्चीत वीजसाहेब मान छातीवर टाकून गाढ झोपले होते.